माळ पडीक नसतो



आजचं बोलणं गावाच्या डोक्यावरच्या जागेबद्दल आहे. डोंगर चढून गेलं की दाट झाडी संपते आणि एकदम उघडं लागतं. खाली खडक, वर गवत आणि भन्नाट वारा. कुणी त्याला माळ म्हणतं, कुणी सडा, कुणी पठार. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे बहुतेक वेळा ‘पोटखराब’ लिहिलेलं असतं. बोलता बोलता सगळेच म्हणतात, ‘वर काय आहे? पडीक आहे सगळं.’

आम्ही अलिबाग आणि मुरूड तालुक्यांतल्या बचत गटांच्या बायका. गवताचा भारा, पावसाळ्यातली रानभाजी, श्रावणातलं देवदर्शन, या ना त्या निमित्ताने आमचं डोंगरावर जाणं असतंच. पण गेल्या ज्येष्ठापासून आम्ही सोबत वही नेली. वर काय उगवलं, कोण ओरडलं, कुठे पाणी दिसलं, ते लिहीत गेलो. जिला लिहिता येत नाही तिने सांगितलं, जिला येतं तिने लिहिलं. वही भरत गेली तसं दिसायला लागलं, की ज्याला पडीक म्हणतात ती जागा बारा महिने काम करते. ते काम कोणतं, आणि ते बंद पडू नये म्हणून आपल्या गटांनी काय करायचं, हे आज सांगतो.

आधी वर जाऊन उभं राहू या. अलिबागजवळच्या कनकेश्वरला १७६४ साली, आंग्र्यांच्या काळात, दगडी पायऱ्या बांधल्या गेल्या. त्या चढताना गुडघे बोलायला लागतात, पण वर देऊळ आहे, पुष्करणी आहे आणि दम खायला सावली आहे. तिथून थोडं दक्षिणेला सागरगड. खंडाळे गावाकडून वाट जाते, पावसात वाटेवर धोंधाण्याचा धबधबा दिसतो. गडाची उंची साधारण १३५० फूट. माथ्यावर गवताचं मोकळं पठार आहे.

आभाळ स्वच्छ असलं की त्या पठारावरून आपला सगळा मुलूख दिसतो. पश्चिमेला अलिबाग आणि समुद्रातला कुलाबा किल्ला. उत्तरेच्या अंगाला पाण्यात खांदेरी आणि उंदेरी. यातला खांदेरी २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. दुसऱ्या बाजूला धरमतरची खाडी. दक्षिणेला कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे रेवदंडा आणि कोर्लई. मधे आपली भातखाचरं, नारळ-सुपारीच्या वाड्या, मिठागरं, घरांची कौलं. खाली असताना आपल्याला आपलं अंगण दिसतं. वर गेलं की कुठल्या डोंगराचं पाणी कुठल्या गावाला जातं, तेही दिसतं. समुद्रावर लक्ष ठेवायला हा डोंगर का निवडला असेल, ते वर उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही. माथा उघडा आहे म्हणून नजर पोचते.

आता पायाखाली बघू. आपले डोंगर ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून हा दगड झाला. कोकणात किनाऱ्याकडच्या बऱ्याच डोंगरांवर या काळ्या दगडाच्या डोक्यावर जांभा असतो. ऊन आणि मुसळधार पाऊस यांनी लाखो वर्षं खडकातलं बरंच काही धुऊन नेलं, मागे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम राहिलं. म्हणून तो तांबडा. आपण त्याचे चिरे काढून घरं बांधतो, तोच हा दगड.

अशा खडकावर माती किती? कुठे बोटभर, कुठे वीतभर. त्यात झाडांना लागणारं खतही फार कमी. मोठं झाड तिथे मुळं रोवू शकत नाही. म्हणून लोक म्हणतात, जमीन नापीक. पण गंमत अशी, की जिथे कुणा एकाची मिजास चालत नाही तिथे पुष्कळ जणांना जागा मिळते. सुपीक जमिनीत एखादं दांडगं गवत सगळं व्यापून टाकतं. कमी मातीवर ते शक्य होत नाही, मग लहान लहान शेकडो वनस्पती एकमेकींना सांभाळून उगवतात. इंग्लंडात चुनखडीच्या टेकड्यांवर असेच गवताळ माळ आहेत. तिथे हातभर लांब-रुंद तुकड्यात वनस्पतींच्या डझनभर जाती सापडतात, आणि चांगल्या माळावर एका चौरस मीटरमध्ये ४० पर्यंत. तिथले लोक मेंढ्या बेताने चारून तो माळ मुद्दाम उघडा राखतात. त्यांचा खडक पांढरा, आपला तांबडा नाही तर काळा. पण दोन्हीकडे माती तुटपुंजी, आणि म्हणूनच फुलांची चंगळ.

आपल्याकडे ही चंगळ पावसाबरोबर येते. पहिल्या सरी पडल्या की शेवळं वर येतात, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. आपल्या पानात पडणारी ही भाजी कुणी पेरत नाही. श्रावण-भाद्रपदात तेरड्याने उतार गुलाबी होतात. गौरी आणायला जातो तेव्हा तेरडा आणतोच की आपण. कळलावीच्या लालपिवळ्या ज्वाळा झुडपांवर चढतात. दिसायला देखणी, पण कंद विषारी, पोरांना हात लावू देऊ नका.

कोकणातल्या ओल्या सड्यांवर याहून नवलाच्या दोन वनस्पती असतात. एक सीतेची आसवं, निळीजांभळी इवली फुलं. दुसरी दवबिंदू, तिच्या पानांवर चिकट थेंब चमकतात. दोघीही किडे खातात. सीतेच्या आसवांच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात, पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. दवबिंदूच्या थेंबाला किडा चिकटतो आणि पान त्याला हळूहळू पचवतं. मातीत नत्र नाही, मग पोट भरायचं कसं? तिने किड्यांतून नत्र मिळवलं. गरिबीत संसार कसा करावा हे माळावरच्या या बाईला कुणी शिकवायला नको. सातारच्या कास पठारावरही हीच कुळं फुलतात. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून कास २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. तेही डोंगरावरचं जांभ्याचं पठारच.

आता आपल्या डोक्यावरच्या हंड्याकडे येऊ. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी गवतात अडतं, हळू होतं, खडकाच्या भेगांतून आत उतरतं. खाली घट्ट दगड लागला की बाजूने झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. डोंगराच्या कुशीतले झरे आणि पायथ्याच्या विहिरी या पाण्यावर जगतात. फणसाडच्या अभयारण्यात पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, १९८६ साली अभयारण्य झालं. तिथली सांबरं, भेकरं, रानडुकरं, बिबटे उन्हाळ्यात या गाणींवर येतात. आपणही एप्रिल-मेमध्ये झऱ्यावरच जातो. म्हणजे जनावरांचा आणि आपला पाणवठा वरच्या माळानेच भरलेला असतो. माळावरचं गवत आणि माती गेली तर पाऊस तेवढाच पडेल, पण धो धो वाहून खाडीत जाईल. मग विहीर लवकर तळ गाठेल, आणि वाढलेली पायपीट कुणाची, ते सांगायला नको.

वहीत सगळ्यात जास्त पानं पक्ष्यांनी घेतली. उघड्या माळावर झाड नाही, तर पक्षी घरटं कुठे करणार? जमिनीवर. टिटवी घरटं म्हणून खडे जमवते आणि बहुधा चार अंडी घालते. अंडी खड्यांसारखी, पिल्लंही खड्यांसारखी. पायापाशी असली तरी दिसत नाहीत. टिटवी ओरडली की अशुभ, असं आपल्याकडे म्हणतात. पण ती आई आहे. तिचं ओरडणं म्हणजे, ‘बाई, जरा बाजूने जा, इथे माझी लेकरं आहेत.’ रातवा तर घरटंही करत नाही, पाचोळ्यासारखा दिसतो आणि उघड्या जमिनीवर अंडी घालून बसतो. रात्रभर किडे टिपतो. चंडोल गवताच्या मुळाशी घरटं करतो आणि गात गात आभाळात चढतो. कापशी घार एका जागी पंख मारत थांबते आणि झडप घालून उंदीर उचलते. आपल्या भाताचे उंदीर, बरं का.

सुगरणीची गोष्ट तर आपल्याच भागातली. कनकेश्वरच्या पश्चिमेला समुद्रालगत किहीम आहे. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली तिथे राहत होते. १९३० साली त्यांनी तिथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचं रोज निरीक्षण केलं. त्यातून कळलं, की ते सुंदर घरटं विणतो नर. गवताच्या, पात्यांच्या पट्ट्या सोलून आणून अर्धं घरटं तयार करतो. मग मादी येते, आत-बाहेर फिरून तपासते. पसंत पडलं तर राहते, नाही तर चालती होते. पसंती मिळाली की नर उरलेलं घरटं पुरं करतो आणि पुढच्या घरट्याच्या तयारीला लागतो. नाव सुगरणीचं, पण विणकाम त्याचं आणि परीक्षा तिची. आमच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. घर बघून होकार देण्याची ही रीत चांगली आहे, असं एका आजींनी शेवटी ठरवून टाकलं.

एक पक्षी मात्र आता क्वचित दिसतो. माळावर मेलेलं जनावर टाकलं की पूर्वी गिधाडं उतरायची. १९९२ ते २००७ या १५ वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादं उरावं इतकी कमी झाली. कारण होतं डायक्लोफिनॅक, गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं औषध. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली, २०२३ साली किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही आली. आपल्या जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या लोकांनी सीस्केप संस्थेबरोबर गिधाडांची वस्ती जपली आहे. आपल्या हातात काय? गाय-बैलाला इंजेक्शन देताना डॉक्टरांना विचारायचं, ‘हे गिधाडांना चालणारं आहे ना? मेलॉक्सिकॅम आहे का?’ एवढा प्रश्न पुरे.

माळावर जपून राहायचे शेजारीही आहेत. दगडाखाली फुरसं असतं, लाल विंचू असतो. दगड उलथताना हात नव्हे, काठी वापरा. पायात चप्पल नको, बूट घाला. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी लेकरं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यातच काम करून प्राझोसिन या गोळीचा उपचार जगापुढे मांडला आणि पुष्कळ जीव वाचले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. उपचार आहे, पण तो दवाखान्यात आहे. साप असो की विंचू, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.

आता कळीचा मुद्दा. वणवा.

होळीच्या आगेमागे रात्री डोंगराकडे बघितलं की लाल माळ लावल्यासारखी रेघ दिसते. पोरं म्हणतात, कशी छान दिसते. ती रेघ म्हणजे जळणारी घरं आहेत. टिटवी, चंडोल, रातवा यांच्या अंड्या-पिल्लांचे दिवस आणि वणव्याचे दिवस एकमेकांत अडकलेले. मोठे पक्षी उडतात, अंडी उडत नाहीत. ससे पळतात, सरडे, कासवं, गोगलगायी पळू शकत नाहीत.

वणवा आपोआप लागत नाही, तो माणूस लावतो. कुणी शिकार हुसकायला, कुणी विडी फेकून, कुणी गंमत म्हणून. आणि एक समज फार जुना आहे: ‘जाळलं की नवं गवत चांगलं येतं.’ हे नीट तपासून बघू. जाळल्यावर हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरं. पण ऐन उन्हाळ्यातलं वाळकं गवत, म्हणजे गुरांचा चारा, त्याच दिवशी गेला. राख पहिल्या पावसात वाहून जाते, तिच्याबरोबर उघडी पडलेली बोटभर मातीही. आणि दरवर्षी जाळलं तर कुसळी गवत माजतं, कारण त्याला आग सोसते. गुरांना आवडणारी मऊ गवतं मागे पडतात. कुसळं गुरांच्या तोंडात टोचतात, आपल्या लुगड्यात अडकतात. म्हणजे चांगल्या चाऱ्यासाठी आग लावायची आणि वाईट चारा वाढवायचा, असा हा व्यवहार. राब भाजणं वेगळं. ते आपल्या खाचरात, माणूस उभा ठेवून, बेताने होतं. डोंगराला लावलेल्या आगीला धनी नसतो.

दुसरा धोका चांगल्या मनाने येतो. ‘माळ उघडा आहे, झाडं लावू या,’ असं म्हणून खड्डे खणतात आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प लावतात. झाडं लावायला आपला विरोध कसा असेल? पण ती लावायची उघड्या बोडक्या उतारावर, ओढ्याच्या काठाला, घराच्या परसात, आणि तीही इथलीच: आंबा, जांभूळ, करंज, ऐन. गवताचा जिता माळ खणून नव्हे. त्या सावलीत तेरडा येत नाही, फोडशी येत नाही, चंडोल राहत नाही. आणि तिसरा धोका तर ठाऊकच आहे. पडीक म्हटलं की विकायला मन धजावतं. मग चिऱ्याची खाण येते किंवा कुंपण येतं, आणि गवताची, झऱ्याची, देवाची वाट बंद होते.

मग करायचं काय? चार गोष्टी, चारही आपल्या आवाक्यातल्या.

पहिली, वही. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने गावाची लोक-जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. समितीत निदान एक तृतीयांश महिला असल्या पाहिजेत. आपल्या समितीत कोण आहे, नोंदवही कुठे आहे, हे ग्रामसेवकांना विचारा. कुठली भाजी कधी, कुठला झरा कुठे, टिटवी कुठे बसते, हे आपल्याला ठाऊक आहे, ते तिथे लिहून घ्या. कातकरी आणि ठाकर वाडीतल्या बायांना सगळ्यात आधी बोलवा, रानाची माहिती त्यांच्याकडे जास्त. व्यापाऱ्यांनी गावातून विक्रीसाठी कंद-मुळं नेली तर त्यांच्याकडून शुल्क घेण्याचा अधिकारही या समितीला आहे.

दुसरी, जाळरेषा. दिवाळीनंतर गवत कापायचं तेव्हा गावाकडून माळावर जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना आणि माळाच्या कडेने काही हात रुंदीचा पट्टा आधी कापून साफ करा. चारा घरी येतो आणि आगीला पुढे सरकायला काही उरत नाही. जमीन वन विभागाची असेल तर वनरक्षकांना विचारून, त्यांना सोबत घेऊन करा. काम एकीचं नव्हे, गटाचं. आळीपाळीने दोन सकाळी पुरतात.

तिसरी, फोन. वणवा दिसला तर वन विभागाचा मदत क्रमांक १९२६. नवरा, दीर, पोरगा, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आजच घालून ठेवा. राखीव जंगलात आणि अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे, हेही घरात कानावर घाला. मोठ्या आगीच्या पुढे मात्र जाऊ नका.

चौथी, ग्रामसभा. माळाबद्दल ठराव येईल, खाणीचा, झाडं लावण्याचा, विक्रीचा, तेव्हा आपण तिथे बसलेल्या हव्यात. आणि कुणी म्हणालं, ‘पडीकच तर आहे,’ तर वही उघडायची. किती भाज्या, किती भारे चारा, किती झरे, किती पक्षी, वाचून दाखवायचं. आवाज थरथरला तरी चालेल, वाचत राहायचं. कागदावर एक शब्द लिहिलेला असतो, पोटखराब. त्याला उत्तर द्यायला आपल्याकडे कागदच हवा.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं यासाठी काढा. प्रत्येकीने माळावरची एक गोष्ट सांगायची, एकीने लिहायचं. पहिल्या पानावर तारीख घाला, माळाचं नाव घाला. तुमच्या गावात त्याला जे म्हणतात तेच नाव. आणि पुढच्या महिन्यात ती वही घेऊनच वर जा.